नऊच्या तारांवर किलस्विच वाजत नाही. नाही म्हणजे नाही!

किलस्विच एंगेज या अमेरिकन मेटल बँडवर जीव जडलेल्या माणसाचं प्रेम वय वाढलं म्हणून उतरत नाही. त्यांचा २००२चा अल्बम ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’ कॉलेजात ऐकलेली मंडळी आज चाळिशी ओलांडून गेली, तरी हात गिटारकडे जातोच. आणि तिथेच सगळी माती होते. कारण गिटारवर चढवलेला असतो नऊ-बेचाळीसचा सेट (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), आणि दुकानदार छातीठोकपणे सांगतो, ‘सगळ्याला चालतो.’

सगळ्याला? अहो, या बँडची बहुतेक गाणी ड्रॉप सीमध्ये, म्हणजे जाड तार सी स्वरापर्यंत उतरवलेल्या ट्यूनिंगमध्ये आहेत. जाड तारेकडून सी-जी-सी-एफ-ए-डी. म्हणजे नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा (ई स्टँडर्ड) सहावी, सगळ्यात जाड तार चार अर्धस्वर खाली, बाकी पाच दोन-दोन खाली. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या हिशोबाने घसरतो, त्यामुळे सहावीवर जेमतेम ६३ टक्के ताण उरतो. मग ती तार कसली, पायजम्याची नाडी! जोरात पिक मारला की स्वर आधी वर उडतो आणि मग खाली येऊन बसतो. पाम म्यूट केलं, म्हणजे तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलं, की नुसती भदभद. एकूण ताण कमी झाल्याने गिटारची मान सरळ होते, कधी मागेही झुकते, आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर खरखर सुरू होते. एवढं सगळं झाल्यावर पोराला ऐकवायचं काय, तर ‘तुझा हात कच्चा आहे.’ हात कच्चा नाही हो, तार बारीक आहे!

साडेपंचवीस इंची स्केलला (नट ते ब्रिज ही तारेची वाजणारी लांबी) अकरा-चौपन्न लावा. हात जड असेल तर बारा-छप्पन्न. झालं? नाही झालं, कारण बेचाळीससाठी कापलेल्या नटच्या (मानेच्या टोकाची, तारा टेकवणारी पट्टी) खाचेत छप्पन्नची तार बसत नाही, अडकते. ट्यूनिंग करताना ‘टिक्’ असा आवाज आला आणि स्वर उडी मारून पुढे गेला की समजा, खाच अरुंद आहे. ती रुंद करायची असते, खोल नाही. हा फरक न कळणाऱ्या माणसाच्या हातात कानस देणं म्हणजे नट फेकून देण्याची तयारी. मग सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्यावर तार आणि फ्रेटमधली फट बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. ती जुळवायला ट्रस रॉड, म्हणजे मानेतली सळई, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर कुठेही दाबलं तरी स्वर सुरात येणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरता असेल तर पुढे. हे न करता ‘गिटारच बेसूर आहे’ म्हणून विकायला काढणारे महाभाग काय कमी आहेत? आणि तरंगता ट्रेमोलो, म्हणजे स्प्रिंगांवर हलणारा ब्रिज, असेल तर आधी मागच्या पोकळीत लाकडाचा तुकडा ठोका, नाहीतर एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात आणि संध्याकाळ ट्यूनिंगमध्येच जाते.

ट्यूनरही जोरात, वाजवताना मारता तसाच पिक मारून बघायचा असतो. हळूच छेडून लावलेला सी गाण्यात सी राहत नाही.

वर आणखी ‘ई स्टँडर्डमध्येच वाजवा, सोपं पडतं’ असं शिकवणारे व्हिडिओ! ड्रॉप ट्यूनिंगमध्ये खालच्या तीन तारांवर एका बोटाने पॉवर कॉर्ड दाबला जातो, म्हणून तर त्या रिफ (गाण्यात परत परत येणारे गिटारचे तुकडे) इतक्या झपाट्याने सरकतात. ई स्टँडर्डमध्ये त्याच रिफला बोटांची सर्कस. तार न उतरवता स्वर उतरवणारा पेडल घेतला, तर घरी कमी आवाजात तारेचा मूळ स्वर आणि पेडलचा स्वर दोन्ही कानात घुसतात. स्टेजवर ठीक, खोलीत डोकेदुखी.

आणि गेन! अॅम्पचा गेन (आवाज फाडणारा नॉब) दहावर, मिड (मधल्या स्वरांचा नॉब) शून्यावर. घरी एकट्याला भारी वाटतं, बँडमध्ये गिटार गायब. रेकॉर्डवर तोच रिफ वेगवेगळ्या टेकमध्ये वाजवून डाव्या-उजव्या बाजूला मांडलेला असतो. तो भरलेपणा गेन चढवून कसा मिळेल? बँडचा अॅडम डटकिविच ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’वर ड्रम वाजवतो, निर्मितीही करतो, मग गिटार हातात घेतो. अशा माणसाच्या आवाजाची नक्कल एका नॉबने करायची? गेन निम्म्यावर आणा, मिड वर करा, अॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर धाटणीचा ओव्हरड्राइव्ह पेडल ठेवा. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. खालची भदभद कापली जाते आणि पिकचा फटका सुटा ऐकू येतो.

बँडच्या दोन गायकांपैकी जेसी लीच मोठा की हॉवर्ड जोन्स, यावर मात्र पहाटेपर्यंत भांडायला वेळ असतो. २०१९च्या ‘अटोनमेंट’ अल्बमवर दोघं एकाच गाण्यात गायले, तरी यांचं मिटत नाही!

बेसवाल्याला तर कुणी विचारतच नाही. दोन्ही गिटार सीला, आणि तो बिचारा एकशेपाचची तार चार अर्धस्वर उतरवून फडफडवत बसतो, नाहीतर सप्तक वर घेऊन वाजवतो आणि गाण्याचा तळच निघून जातो. त्याला एकशेवीस-पंचवीसची तार द्या. पाच तारांचा बेस असेल तर खालच्या बी तारेच्या पहिल्या फ्रेटवर सी आयता बसलेला आहे, उतरवायची गरजच नाही. हे तालमीच्या आधी सांगा, गाणं सुरू झाल्यावर डोळे वटारून नाही.