बेल्ट बदलला म्हणता, मग पंप कोण बदलणार होतं?

डोकं फिरलंय नुसतं. इंजिन खोलून पडलंय, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवलंय, त्यातले आठ वॉल्व्ह, म्हणजे हवा आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, वाकलेत आणि हे सगळं कशापायी तर एका वॉटर पंपाच्या, इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, बेअरिंगपायी. टायमिंग बेल्ट, म्हणजे वॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा दातांचा रबरी पट्टा, जुना नव्हता हो! तोच तर राग आहे. बेल्ट वेळेवर बदलून घेतला होता, बिल आहे, सर्व्हिस बुकात शिक्का आहे, आणि तरी गाडी चालता चालता एकदम बंद. ना आवाज, ना धूर, ना कुठला लाइट. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीसारखं अडत अडत फिरायचं सोडून हलकं हलकं घुंऽऽ करून फिरतंय, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) गेलं, तिथेच पोटात गोळा आला.

कव्हर काढल्यावर दिसलं की बेल्ट तुटलेला नाहीच, अख्खा आहे, फक्त क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) पुलीपाशी वीतभर पट्ट्यातले दात भादरल्यासारखे साफ झालेत. आणि वॉटर पंपाची पुली हाताने फिरेना. जाम! पंप त्याच बेल्टवर चालतो, तो अडकला आणि बेल्टचे दात गेले. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं बघा, आतलं सील गेलं की तिथून कूलंट झिरपतं, त्या भोकाखाली वाळलेल्या कूलंटचा गुलाबी पांढरट थर होता, इतका जुना की स्क्रूड्रायव्हरने खरवडावा लागला. म्हणजे ज्याने बेल्ट बदलला त्याच्या नाकासमोर होता तो डाग! कव्हर उघडलेलं, बेल्ट हातात काढलेला, पंप समोर, एकदा पुली बोटाने हलवून बघितली असती तर प्ले (ढिलेपणा) कळला असता. नाही बघितली. नवा बेल्ट चढवला, कव्हर लावलं, शिक्का मारला, पुढची गाडी.

अरे बाबांनो, ज्या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच चालतो त्यात 'बेल्ट बदलला' म्हणजे नुसता रबराचा पट्टा बदलणं नसतं रे! बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर, त्याला वाट देणारी आयडलर पुली, पंप, आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँकचं ऑइल सील गळत असेल तर तेही, कारण ऑइल लागलेला बेल्ट फुगतो आणि त्याचे दात सुटतात. सगळी मेहनत तिथपर्यंत पोचण्यात आहे, माउंटिंग सोडा, क्रँकच्या पुलीचा तो मेला बोल्ट सोडवा, कव्हरं काढा. तिथे पोचल्यावर पंपाचे चार बोल्ट जास्तीचे सोडवायला काय जड जातं? आणि मला विचारायचं तरी ना, की पंप गळतोय, बदलू का. मी नाही म्हणालो असतो का? विचारलंच नाही कोणी!

आता ज्यांना वाटतंय की एवढा काय बेल्टचा बाऊ, त्यांच्यासाठी सांगतो. क्रँक दोन फेरे फिरला की कॅम एक फेरा, हे गणित तो बेल्ट सांभाळतो. 3000 आरपीएमला क्रँक सेकंदाला 50 फेरे मारतो, म्हणजे प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो, आणि पिस्टन वर यायच्या आत त्याला बाजूला व्हावंच लागतं. काही इंजिनांत पिस्टन आणि वॉल्व्हमध्ये जागा ठेवलेली असते, बेल्ट गेला तर गाडी फक्त थांबते, नवा बेल्ट टाका आणि निघा. पण आजकालच्या बहुतेक इंजिनांत ती जागाच नाही. कॅम थांबला, उघडे वॉल्व्ह उघडेच राहिले, खालून पिस्टन आला, खेळ खलास. माझ्या पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारख्या खुणा उठल्यात, वॉल्व्ह आदळल्याच्या. वॉल्व्ह काढून काचेवर लोळवला तर डोकं गरागरा हलतंय, साध्या डोळ्यांनी वाकलेलं दिसतंय.

आणि वर शहाणपणा बघा, गाडी टो करून नेल्यावर तिथला पोऱ्या परत परत सेल्फ मारतोय, 'बघू दे ना साहेब, लागेल'. अरे काय लागेल! टायमिंग सुटलेल्या इंजिनाला सेल्फ मारणं म्हणजे उरलेसुरले वॉल्व्ह पण वाकवणं. ओरडून थांबवावं लागलं. आधी कव्हर उघडून बेल्ट बघायचा, हे गॅरेजमध्ये काम करणाऱ्याला मी सांगायचं?

कंपन्यांवर पण तितकाच राग आहे. ऑइलला लाइट, टेंपरेचरला काटा, दार उघडं राहिलं तर टीं टीं, सीट बेल्टला टीं टीं, आणि ज्या एका पट्ट्यावर अख्खं इंजिन टांगलंय त्याला काही नाही. मॅन्युअलमध्ये बेल्टचा किलोमीटरचा आकडा ठळक आणि पंपापुढे नुसतं 'तपासा'. कोण तपासणार, कव्हरच्या आत आहे तो!

'चेनवाली घ्यायची ना' म्हणणाऱ्यांनी कृपया गप्प बसा. चेनला पण टेन्शनर आणि गाइड असतात, ते पण झिजतात, फरक एवढाच की चेन बहुतेक वेळा जायच्या आधी खडखडते तरी.

आता पुढचं भांडण. हेड मशीन शॉपला गेलंय, वॉल्व्ह नवे, गाइड तपासायचे, सीट कटिंग, लॅपिंग (वॉल्व्ह आणि त्याची बैठक घासून घट्ट बसवणं), हेडचा पृष्ठभाग सरळ आहे का ते पट्टी आणि फिलर गेजने बघायचं, मग हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरून वॉल्व्हमधून झिरपतंय का बघायचं. हे सगळं लेथवाला नीट करतोय, त्याच्याबद्दल तक्रार नाही, जाणता माणूस आहे. पण गॅरेजवाला आज म्हणतो हेड बोल्ट जुनेच टाकू, 'चांगले आहेत'. या इंजिनाचे बोल्ट ताणले जाणारे आहेत, आधी टॉर्क (ठरलेला जोर) आणि मग अंशात फिरवून आवळतात, एकदा ताणले की संपले, कंपनीच्या पुस्तकात सरळ लिहिलंय नवे वापरा. जुने टाकले तर उद्या हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) जाणार आणि परत हेच सगळं. म्हणजे ज्या कंजुषीने इंजिन गेलं तीच कंजुषी परत, त्याच इंजिनावर, आणि ती पण माझ्या पैशांची, मी द्यायला तयार असताना!

मी स्पष्ट सांगून आलोय. बोल्ट नवे, गॅस्केट नवं, पूर्ण किट नवं, पंपासकट, आणि जुना प्रत्येक पार्ट माझ्या हातात पाहिजे. क्रँक आणि कॅमच्या टायमिंगच्या खुणा जुळवल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळतात का ते माझ्यासमोर दाखवायचं, मधे कुठे अडलं तर तिथेच थांबायचं. त्याच्या आधी सेल्फला हात लावायचा नाही कोणी. आणि पहिल्या वेळी ज्याने शिक्का मारला त्याच्याकडे तो जाम झालेला पंप घेऊन जाणार आहे मी, बिलासकट.