सान मामेस शंभर वर्षांचं की कालचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

स्पेनमधल्या बिल्बाओच्या सान मामेस या फुटबॉल स्टेडियमवरच्या माझ्या लेखाला काल एका वाचकांनी प्रतिक्रिया दिली. त्यांचे मुद्दे थोडक्यात असे: उद्घाटनाची तारीख चुकली, नव्या छपराखाली प्रेक्षक भिजले हे लिहिलं नाही, सरकारी पैसा लागला हे लपवलं. आणि शेवटी, "२०१३ चं स्टेडियम शंभर वर्षांचं म्हणून खपवताय. आधी चार गोष्टी वाचून या."

तारखेचं बरोबर आहे. जुन्या स्टेडियमच्या उद्घाटनाची मी २० ऑगस्ट १९१३ लिहिली होती, हवी होती २१. लेखात दुरुस्ती केली, आभार.

पण "खपवताय" आणि "वाचून या" ही कुठली भाषा? इथे खेळणाऱ्या अॅथलेटिक क्लबबद्दल मी बारा वर्षं लिहितोय. चूक दाखवणाऱ्या प्रत्येकाचे आभार मानले आहेत, तुमचेही आत्ताच मानले. तारखेची चूक ही चूकच, पण त्यावरून माणसाच्या हेतूवर घसरायचं कारण नव्हतं.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण खरा वाद तिथेच आहे. "शंभर वर्षांचं स्टेडियम" असं मी कुठेही लिहिलेलं नाही. "शंभर वर्षांचं घर" असं लिहिलं आहे, आणि त्यावर मी ठाम आहे. नवं स्टेडियम शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलेलं नाही. शेजारच्या जुन्या प्रदर्शन मैदानावर २०१० मध्ये काम सुरू झालं, आणि आराखडा मुद्दाम असा आखला की नव्याचा एक भाग जुन्याच्या जागेवर येईल. त्यामुळे चारही बाजू एकदम बांधणं शक्यच नव्हतं. आधी तीन बाजू उभ्या केल्या, २०१३ च्या उन्हाळ्यात जुनं पाडायला घेतलं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर चौथी बाजू चढवली. १६ सप्टेंबर २०१३ ला सेल्ताविरुद्ध पहिला सामना झाला (३-२, अॅथलेटिक जिंकलं), तेव्हा एका गोलमागे स्टँडच नव्हता. पूर्ण वर्तुळ मिटलं ते २०१४ च्या ऑगस्टमध्ये. या सगळ्या खटाटोपात क्लबला 'घरचा' म्हणून बाहेर खेळावा लागलेला लीग सामना एकच, ओसासुनाविरुद्धचा, सान सेबास्तियानच्या आनोएता स्टेडियमवर. वर्षानुवर्षं परक्या मैदानावर दिवस काढणाऱ्या क्लबांशी तुलना करा, म्हणजे या आखणीची किंमत कळेल.

जुन्याचं काय उरलं तेही सांगतो. १९५३ मध्ये मुख्य स्टँडवर पोलादी कमान उभारली. छप्पर तिच्यावर तोललेलं, म्हणून प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे एकही खांब नाही. कार्लोस फर्नांदेझ कासादो या अभियंत्याचं ते काम. पाडापाडीत ती भंगारात गेली नाही, क्लबच्या लेझामा सराव केंद्रावर आज उभी आहे. क्लबचा जुना आघाडीचा खेळाडू पिचिची याचा अर्धपुतळा तर थेट नव्या स्टेडियममध्ये आला. १९१३ मध्ये या मैदानावरचा पहिला गोल त्याचा. १९२२ मध्ये तो गेला, १९२६ मध्ये पुतळा बसवला. इथे पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्या संघाचा कर्णधार त्याच्यापुढे फुलं ठेवतो, ती प्रथा जुन्या स्टेडियमबरोबर पाडली गेली नाही. मैदानालाच 'ला कातेद्राल' (म्हणजे कॅथेड्रल, मोठं चर्च) म्हणणारे लोकही तेच आहेत. मग इतिहास कुणी कुणाला खपवला?

छपराबद्दल एवढंच सांगतो. छपराचे पोलादी सांगाडे मैदानाच्या मध्याकडे रोखलेले आहेत, त्यावर पारदर्शक-पांढऱ्या ईटीएफई या प्लास्टिकच्या हवा भरलेल्या गाद्या आहेत. पहिल्या वर्षांत त्याची आतली कड आखूड पडली. बिल्बाओचा पाऊस सरळ पडत नाही, वारा त्याला आत ढकलतो, आणि पुढच्या रांगा भिजायच्या. २०१६ च्या उन्हाळ्यात छप्पर मैदानाकडे पुढे वाढवलं. दोष होता, काढला, विषय संपला. माझा लेख स्टेडियमच्या इतिहासावर होता, दुरुस्तीच्या नोंदींवर नव्हता.

सरकारी पैशाचं म्हणाल तर त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. क्लबबरोबर बास्क सरकार, बिस्काया प्रांत, बिल्बाओ महापालिका आणि बीबीके बँक भागीदार होते, आणि हे सगळं जाहीर आहे. स्टेडियमच्या पोटात महापालिकेचं क्रीडाकेंद्रही आहे. त्यावर मी आणखी शब्द खर्च करणार नाही.

आसनसंख्या तुम्ही ५० हजार लिहिलीत, ती ५३ हजारांहून जास्त आहे. "वाचून या" असं मी तुम्हाला म्हणत नाही.