स्पितीला पोरांना घेऊन जाताय? आधी टपावरचं ओझं उतरवा

गेल्या महिनाभरात एकच यादी मला पाच ग्रुपांवरून आली. सार असं: फॅमिली घेऊन लडाख-स्पितीसारख्या आडवाटेला जायचं तर गाडीला लिफ्ट किट (गाडी उंच करायला), मोठे टायर, पुढे लोखंडी क्रॅश गार्ड, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायला), स्नॉर्केल (इंजिनाला हवा उंचावरून घ्यायची नळी) आणि टपावर कॅरियरसकट तंबू हवाच. खर्च तीन लाख, पण जिवापुढे पैसा काय, असा शेवट. दोन मुलं आणि सत्तरीची आई यांना घेऊन मी पुण्याहून हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आलोय. ही यादी वाचून कुणी खरंच कर्ज काढून गाडी सजवेल आणि ती आधीपेक्षा धोकादायक करून बसेल, या काळजीने हे लिहितोय.

क्रॅश गार्डपासून सुरुवात करतो, कारण तिथे जिवाचाच प्रश्न आहे. टक्कर झाली की गाडीचा पुढचा भाग चेपावा आणि धक्का त्यातच जिरावा, अशीच त्याची रचना असते. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेला लोखंडी पाइप तो धक्का सरळ आत पोचवतो, शिवाय एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवू शकतो. पायी चालणाऱ्याला तर तो पाइप थेटच लागतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं की हे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग करतात, कारवाई करा. मुलं मागे बसवून पुढे हे लावायचं, हे मला पटतच नाही.

लिफ्ट आणि मोठे टायर. शिमल्याकडून स्पितीतल्या काझा गावाला जाणाऱ्या रस्त्यावर हिमाचल परिवहनची साधी बस धावते, तीही रोज. थारला कंपनीकडूनच 226 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स मिळतो, जिम्नीला 210. या रस्त्याला तो भरपूर झाला. गाडी उचलली की गुरुत्वमध्य वर जातो आणि घाटातल्या वळणावर ती जास्त कलते. टायर मोठे केले की काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. आणि स्टेपनी? चार टायर बदलणारे बरेच जण पाचवा जुन्याच मापाचा ठेवतात. पंक्चर झालं की एका चाकाला वेगळं माप. पैसे टायरवर घालायचेच असतील तर कंपनीच्याच मापाचे, मजबूत बाजूचे पाच टायर घ्या. हवेचा गेज आणि छोटा कॉम्प्रेसरही घ्या. यादीत हे दोन्ही नाहीत.

स्नॉर्केल इंजिनात पाणी जाऊ देत नाही, हे खरं. पण वाहतं पाणी गाडी ढकलतं ते बाजूने, आणि तिथे स्नॉर्केलचा काही उपयोग नाही. मनालीकडून काझाला जाताना ग्राम्फू ते बातल पट्ट्यात नाले रस्त्यावरूनच वाहतात. वरचा बर्फ उन्हाने वितळतो, म्हणून दुपारनंतर पाणी चढतं. तिथले चालक सकाळी लवकर निघतात, तेच आपण करायचं. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फरशी पूल पाण्याखाली गेला की आपण थांबतोच ना, तसंच.

विंचला माझा सरसकट विरोध नाही. एकट्याने निर्मनुष्य चिखलात जाणाऱ्याला ती लागेल. स्पितीच्या रस्त्यावर मागून दुसरी गाडी येते. चांगला टो पट्टा, फावडं आणि चासीवरचा कंपनीने दिलेला हूक पुरतो. मागच्या टो-बॉलला (ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला) मात्र पट्टा कधीच अडकवू नका. तो बॉल तुटला तर गोळीसारखा उडतो.

आता टपाबद्दल. चालत्या गाडीच्या टपावर किती वजन चालेल ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, बहुतेक गाड्यांना 50 ते 100 किलोंच्या दरम्यान. नुसता तंबूच 50-60 किलोंचा, वर कॅरियर, वर पाण्याचे कॅन. सगळं सर्वांत उंच जागी. रात्री तो तंबू उघडायचा, आईने शिडी चढायची, तीन वाजता बाथरूमला उतरायचं. आम्ही ताबो आणि काझाला होमस्टेत राहिलो, गरम थुक्पा (नूडल्सचं सूप) खाल्ला, आई नीट झोपली. कॅम्पिंग केलंच तर एक गोष्ट पाळा: तंबूत शेगडी पेटवायची नाही आणि झोपताना गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र यादीत जे नाहीच त्यावर आहे, आणि ते म्हणजे उंची, तिथली विरळ हवा. मनाली साधारण 2,050 मीटरवर. तिथून एका दिवसात साडेचार हजार मीटरपेक्षा उंच कुंझुम खिंड ओलांडून 3,650 मीटरवरच्या काझात झोपायचं, हे मुलांच्या शरीराला झेपेलच असं नाही. आम्ही शिमला, कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत गेलो. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा ढोबळ नियम आहे. नाकोला आम्ही म्हणूनच दोन रात्री काढल्या. लहान मूल 'डोकं दुखतंय' म्हणेलच असं नाही. ते किरकिर करतं, जेवत नाही, उलटी करतं. मग वर जायचं नाही, आणि लक्षणं वाढली तर खाली उतरायचं. तीन लाखांच्या सामानातलं काहीही तिथे कामाचं नाही. दोन-तीन दिवसांची जास्तीची रजा मात्र कामाची आहे. (काझात पाणी 88 अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा डाळीसाठी कुकर न्याच.)

निघायच्या आदल्या रविवारी आम्ही सामान भरून, सगळेच जण बसून हायवेच्या वजनकाट्यावर गेलो. कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा 40 किलो जास्त भरले. कॅरियर काढलं, दोन खुर्च्या आणि एक गॅस सिलिंडर घरी ठेवला. मग पार्किंगमध्ये मुलाला स्टेपनी बदलायला लावली, तेव्हा कळलं की गाडीतला पाना आखूड आहे आणि त्याने नट हलतच नाहीत. लांब दांड्याचा पाना दुसऱ्या दिवशी आणला. नाकोच्या अलीकडे तोच कामी आला.