आर्किटेक्टने छंद कसे लावून घ्यावेत

सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअर प्रणालीचा आराखडा आखणारा, या पदावर आपली बढती झाली, की पहिल्या महिन्यातच दोन-तीन छंद लावून घ्यावेत. नुसते प्रोग्रामर होतो तोवर छंदांवाचून चालून जात होते, कारण रात्री अकराला सर्व्हर कोसळला की उठून बसावे लागायचे. आर्किटेक्टला मात्र रात्री कोणी उठवत नाही, फार तर दुसऱ्या दिवशी बैठकीला बोलावतात.

छंद निवडताना एवढेच पाहावे, की साधनांची निवड किती काळ लांबवता येते. या कसोटीवर गाणे साफ नापास होते, तिथे रियाज करावा लागतो. कॉफी उत्तम. चिकमंगळूरच्या बिया, दळण्याचे यंत्र, बारीक चोचीची किटली आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा एवढे जमले, की पंधरा ग्रॅम पुडीवर अडीचशे मिलिलिटर पाणी घड्याळ लावून ओतावे. मधेच आईने ‘चहा टाकू का रे?’ असे विचारल्यास विचलित होऊ नये.

सह्याद्रीतली भटकंतीही हवीच. कळसूबाईची उंची 1646 मीटर आहे हे तोंडपाठ असावे आणि पाठपिशवीत दोन काठ्या असाव्यात. नवरात्रात साध्या चपलांवर, पोराला कडेवर घेऊन शिड्या चढणारे भाविक आपल्याला मागे टाकून जातील, पण त्यांच्याकडे पर्यायी मार्गाचा आराखडा नसतो.

मात्र खरी प्रतिभा दाखवावी ती घरच्या दिव्यांत. गॅलरीतला एक दिवा सूर्यास्ताला आपोआप लागावा, एवढ्यासाठी रास्पबेरी पायचे तीन छोटे संगणक घ्यावेत आणि त्यांच्यावर कुबर्नेटिस ही अनेक संगणकांवर काम वाटून देणारी प्रणाली बसवावी, म्हणजे एक संगणक बंद पडला तरी दिव्याच्या सेवेत खंड पडणार नाही. मोठमोठ्या कंपन्यांची शेकडो यंत्रे सांभाळण्यासाठी ही प्रणाली घडवली गेली हे खरे, पण आपली गॅलरीही काही लहान नाही. एवढे करूनही दिवा लागत नाही, कारण वडील झोपण्यापूर्वी सवयीने भिंतीवरचे बटण बंद करतात, आणि वीजच नाही म्हटल्यावर ‘स्मार्ट’ दिव्याचे काही चालत नाही. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी 1968 साली मांडले होते, की संस्थेतली माणसे एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्यांनी रचलेल्या प्रणालीची घडण होते. हा नियम आपण कार्यालयात दर तिमाहीला पडद्यावर दाखवतोच. घरी वडिलांशी दोन वाक्ये बोलण्याऐवजी बटणावर चिकटपट्टी लावावी आणि तिला तात्पुरता उपाय म्हणावे. कार्यालयातले तात्पुरते उपाय किती वर्षे टिकतात, हे आपण जाणताच.

राहिला परिचय. त्यात ‘व्यवसायाने आर्किटेक्ट, वृत्तीने भटका’ हे असावेच, आणि छंदांच्या यादीत शेवटी प्रोग्रामिंगही न लाजता घालावे, कारण नोकरीत ते करण्याचे दिवस आता सरले आहेत. पुरावा म्हणून दिवाळीच्या सुट्टीत स्वतःचा एखादा प्रकल्प काढावा, त्याला भारदस्त संस्कृत नाव द्यावे, आराखड्यात सहा चौकोन आणि नऊ बाण काढावेत, आणि चौकोनांना कोणता रंग शोभेल याचा विचार भाऊबीजेपर्यंत पुरवावा.