पोथी खरी, कारण पोथीतच लिहिलंय

ग्रंथावर विश्वास का ठेवायचा, असं कुणी विचारलं तर गडबडून जाऊ नका. आधी चहा टाकायला सांगा आणि आधण येईपर्यंत म्हणा, ‘वेद प्रमाण आहेत, कारण ते ईश्वराने सांगितलेत.’ तो विचारेल, ईश्वर आहे कशावरून? ‘अहो, वेदातच आहे ना!’ तो हसेल. हसू दे.

फक्त याला न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, ‘अन्योन्याश्रय’ (दोघं एकमेकांच्याच आधारावर उभे) दोष म्हणतात, हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. मध्ये तिसरा कुणी घुसवून फेरा लांबवला, तर तो ‘चक्रक’. ही नावं आपल्याच शास्त्रीबुवांनी ठेवलेली आहेत, हे फुटलं की ‘पाश्चात्त्यांची उष्टी विद्या’ हे तुमचं ठेवणीतलं अस्त्र गेलं. याच शास्त्रातल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर अनुमानाने सिद्ध करायला केवढा खटाटोप केला! समोर वेद न मानणारे बौद्ध होते, त्यांना पोथी दाखवून काय उपयोग? तुमच्यासमोर मेव्हणा आहे. तुम्हाला एवढं करायची गरज नाही.

ईश्वर अडचणीचा वाटू लागला तर मीमांसकांकडे, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांकडे, सरका. त्यांच्या मते वेद अपौरुषेय, म्हणजे त्यांना कर्ताच नाही. कर्ता नाही, तर चुकणार कोण? आणि कर्ता नाही कशावरून? कुणाला आठवत नाही म्हणून. (आमच्या सोसायटीची गळकी टाकी कुणी बांधली, तेही कुणाला आठवत नाही.)

काही आगाऊ लोक अनुभवाचं विचारतात. हा आक्षेप न्यायसूत्रांतही आहे: पुत्रकामेष्टी केली, मुलगा झाला नाही, मग वेद खोटा नाही का? उत्तरही तिथेच तयार आहे: वैगुण्य कर्मात, कर्त्यात किंवा साधनात असणार. हे तीन शब्द देवघरात लावून ठेवा. आमच्या काकूंनी चुलतभावाच्या नोकरीसाठी गुरुचरित्राचा सप्ताह केला. सात दिवस सोवळं, जमिनीवर चटई, एकवेळचं जेवण. नोकरी लागली नाही. काकांनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला, ‘तिसऱ्या दिवशी बेल वाजली तेव्हा तू पोथीवरून उठलीस.’ बेल वाजवणारे काकाच होते, किल्ली विसरले होते. पण तो मुद्दा वेगळा. पुढच्या वर्षी पारायण झालं नाही आणि भावाला नोकरी लागली. ‘मागचं फळलं,’ काका म्हणाले. काकू काही बोलल्या नाहीत. अडकित्ता उचलून आत ठेवून दिला.

खरी कसोटी लागते ती ग्रंथच उलटतो तेव्हा. पराशरस्मृतीत ‘नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ’ असा श्लोक आहे. नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला, पतित झाला, तर बाईला दुसरा पती विहित आहे. विधवाविवाहाच्या बाजूचे लोक हाच श्लोक घेऊन उभे राहिले. 1856 चा विधवाविवाहाचा कायदा झाला, तरी 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे पंडितांची वादसभा भरलीच. अशा वेळी व्याकरण बाहेर काढायचं असतं. ‘पतौ’ हे रूप अशुद्ध आहे, ‘पत्यौ’ हवं. ऋषी चुकणार नाहीत. तेव्हा तिथे ‘अपतौ’ वाचा, म्हणजे अजून नवरा न झालेला, नुसता वाग्दानाचा वर. म्हणजे ग्रंथही शाबूत आणि विधवेचं केशवपनही शाबूत. एका ‘अ’मध्ये एवढं काम करून घेणं येरागबाळ्याचं काम नोहे.

आता शेवटची खबरदारी. शेजारच्या धर्मातला कुणी येऊन म्हणाला, ‘आमचा ग्रंथ देवाचा आहे, कारण त्यात तसं लिहिलंय,’ तर मात्र चहा सांगू नका. ताडकन म्हणा, ‘अन्योन्याश्रय!’ शब्द आधी दोन-चारदा म्हणून बघा. जोडाक्षरं आहेत, ऐन वेळी जीभ अडखळते.