‘तीन रेकॉर्ड टाका, स्पॅम बंद’ हा दावा का टिकत नाही

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वरचेवर फिरत असतो. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेननावांच्या सार्वजनिक नोंदवहीत, एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल स्वाक्षरी तपासण्याची किल्ली) आणि डीमार्क (तपासणीत अनुत्तीर्ण झालेल्या मेलचे काय करायचे याचे धोरण) ही तीन रेकॉर्ड टाका, एसपीएफच्या शेवटी ‘-ऑल’ (यादीबाहेरचे सारे अमान्य) लिहा आणि डीमार्कचे धोरण पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ (नाकारा) ठेवा. मग तुमच्या नावाने कोणी खोटा मेल पाठवू शकणार नाही, तुमच्याकडे स्पॅम येणार नाही आणि सर्व्हरवरचा फिल्टरही काढून टाकता येईल, असे त्यात सांगितलेले असते. ही तीन रेकॉर्ड हवीतच, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र त्यांच्या नावावर जी फळे सांगितली जातात ती चुकीची आहेत, आणि त्यावर विसंबून केलेल्या मांडणीत खरा, कामाचा मेल हरवतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुळातला गोंधळ दिशेचा आहे. आपल्या डोमेनसाठी आपण जी रेकॉर्ड प्रसिद्ध करतो ती इतरांच्या सर्व्हरनी वाचावीत यासाठी असतात. आपल्या नावाने आलेला मेल खरा की खोटा, हे त्यांना त्यावरून ठरवता येते. आपल्याकडे इतर डोमेनांवरून जो मेल येतो त्याच्याशी आपल्या रेकॉर्डांचा काहीही संबंध नसतो. त्यासाठी पाठवणाऱ्याची रेकॉर्ड आपल्या सर्व्हरने तपासावी लागतात, आणि पोस्टफिक्ससारखा मेल सर्व्हर ही तपासणी आपणहून करत नाही. त्याला तपासणारा मिल्टर (मेल सर्व्हरला जोडायचा छोटा तपासणी प्रोग्राम) किंवा आरस्पॅमडीसारखा स्पॅम फिल्टर जोडावा लागतो. डीमार्क तपासणारा ओपनडीमार्क हा मिल्टर जोडला तरी अपयशी मेल नाकारण्याची त्याची सोय मूळ मांडणीत बंदच असते. म्हणजे फिल्टर काढून टाकला, तर येणाऱ्या मेलसाठी ही रेकॉर्ड वाचणाराच कोणी उरत नाही.

‘-ऑल’ लिहिले की आपले नाव कोणी वापरू शकत नाही, हा यातला दुसरा दावा. एसपीएफ तपासतो तो लिफाफ्यावरचा पत्ता, म्हणजे एसएमटीपीच्या (सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या पद्धतीच्या) संवादात ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेत दिलेला. वाचणाऱ्याच्या पडद्यावर दिसतो तो ‘फ्रॉम’ या शीर्षकओळीतला पत्ता, आणि त्याच्याकडे एसपीएफ पाहतही नाही. लिफाफ्यावर स्वतःचे डोमेन आणि आत तुमचे नाव घालून कोणी मेल पाठवला, तर एसपीएफची तपासणी व्यवस्थित उत्तीर्ण होते. उलट, प्रामाणिकपणे फॉरवर्ड केलेला मेल मध्यस्थाच्या आयपी पत्त्यावरून येतो म्हणून अनुत्तीर्ण ठरतो. त्यात ‘-ऑल’ असेल तर काही सर्व्हर लिफाफा पाहूनच मेल परत लावतात आणि शाबूत असलेली डीकेआयएम स्वाक्षरी तपासण्याची वेळच येत नाही. म्हणून डीमार्क लावलेल्या, मेल पाठवणाऱ्या डोमेनला मी ‘~ऑल’ (यादीबाहेरचा मेल संशयास्पद माना, पण तेवढ्यावरून नाकारू नका) सुचवतो. आणखी एक मर्यादा सहसा विसरली जाते: एसपीएफचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ७२०८ या दस्तऐवजानुसार एसपीएफच्या एका तपासणीत डीएनएसची विचारणा करणारे घटक १० पेक्षा जास्त चालत नाहीत. तीन-चार सेवांचे ‘इन्क्लूड’ (त्यांची यादी आपल्या यादीत ओढणारे घटक) जोडले की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते, आणि मग निकाल कायमची चूक असा येतो.

डीकेआयएमची स्वाक्षरी जुळली म्हणजे मेल विश्वासार्ह, असेही सांगितले जाते. स्वाक्षरी एवढेच सांगते की अमुक डोमेनने या मेलची जबाबदारी घेतली आहे आणि स्वाक्षरीखालचा मजकूर वाटेत बदललेला नाही. स्पॅम पाठवणाराही डोमेन घेतो, तिन्ही रेकॉर्ड बिनचूक टाकतो आणि प्रत्येक मेलवर स्वाक्षरी करतो. पासवर्ड चोरीला गेलेल्या खात्यातून निघालेल्या मेलवर तर तुमचाच सर्व्हर निमूटपणे तुमची स्वाक्षरी करतो. तुमच्या नावातले एखादे अक्षर बदलून घेतलेले डोमेन किंवा पत्त्याशेजारी लिहिलेले खोटे नाव या तिन्हींपैकी कशातच अडकत नाही.

डीमार्कने एक खरी पोकळी भरली. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी किमान एक उत्तीर्ण व्हावे आणि त्याचे डोमेन ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळावे, ही अट त्याने घातली. पण ‘पहिल्याच दिवशी रिजेक्ट’ हा सल्ला मला या साऱ्यात सर्वांत घातक वाटतो. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या डोमेनसाठी हे धोरण लागू केले, तेव्हा मेलिंग लिस्टवर (एका पत्त्यावर आलेला मेल सर्व सदस्यांना पाठवणाऱ्या गटावर) लिहिणाऱ्या त्याच्या वापरकर्त्यांचे मेल इतर सदस्यांच्या सर्व्हरनी नाकारले. विषयात लिस्टचे नाव किंवा तळाशी चार ओळी जोडल्या की मूळ स्वाक्षरी मोडते आणि लिस्टचा लिफाफा मूळ डोमेनशी जुळत नाही. एवढ्या मोठ्या सेवेच्या बाबतीत जे घडले ते लहान डोमेनच्या बाबतीतही घडते. पावत्या पाठवणारी प्रणाली, संकेतस्थळावरचा अर्ज, स्कॅन करून मेल करणारे यंत्र, असे आपल्या नावाने मेल पाठवणारे विसरलेले स्रोत प्रत्येक डोमेनला असतात. ते सापडतात डीमार्क रेकॉर्डमध्ये दिलेल्या ‘आरयूए’ पत्त्यावर इतर सर्व्हरांकडून येणाऱ्या अहवालांत; म्हणून आधी ‘पी=नन’ (काही कारवाई नको) हे धोरण ठेवून काही आठवडे हे अहवाल वाचावेत, प्रत्येक खऱ्या स्रोताला स्वाक्षरी मिळवून द्यावी आणि मगच ‘क्वारंटाइन’कडे (संशयित मेल बाजूला ठेवा), पुढे ‘रिजेक्ट’कडे जावे. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचा केला, तेव्हाही किमान अट ‘पी=नन’ हीच ठेवली. जे डोमेन मेल पाठवतच नाही त्याला मात्र पहिल्या दिवसापासून ‘-ऑल’ आणि ‘रिजेक्ट’ अगदी योग्य आहे.

राहिला फिल्टर. ओळख पटल्यामुळे फिल्टर अनावश्यक होत नाही, त्याला भक्कम आधार मिळतो. नुसता ‘फ्रॉम’ पत्ता पाहून एखाद्याला सूट दिली, तर त्याचे नाव लावणारा कोणीही आत येतो. तीच सूट ओळख पटण्याच्या अटीवर दिली, तर ती सुरक्षित असते, आणि स्पॅमअसॅसिन या फिल्टरमध्ये त्यासाठी वेगळी सोयच आहे. तपासणीचा निकाल फिल्टर मेलला जे स्पॅमचे गुण देतो त्या गुणांकनातला एक घटक असावा; केवळ उत्तीर्ण झाल्याबद्दल मोठी सवलत देऊ नये. बाहेरून येताना आपल्याच सर्व्हरचे नाव घातलेली ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ओळ (या तपासण्यांचा निकाल नोंदवणारी शीर्षकओळ) मेलमध्ये असेल तर ती आधी काढून टाकावी, कारण ती कोणालाही लिहिता येते. स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या याद्या डीएनएसमधून विचारल्या जातात; त्या वापरताना आपला स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरे शोधून आणणारा सर्व्हर) असावा: सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारल्यास अशा याद्या चालवणारी स्पॅमहाउस ही संस्था १२७.२५५.२५५.२५४ असे चूक दर्शवणारे उत्तर देते, आणि कोणतेही उत्तर म्हणजे ‘यादीत आहे’ असे समजणारा सर्व्हर सगळाच मेल नाकारू लागतो. डीएनएसचे उत्तर वेळेत आले नाही तर ४५१ (तात्पुरता नकार) देऊन पाठवणाऱ्याला पुन्हा प्रयत्न करू द्यावा. नाकारायचेच असेल तर ते संवाद चालू असतानाच ५५० (कायमचा नकार) देऊन नाकारावे. आधी स्वीकारून मागाहून परतीचा मेल धाडला, तर तो ज्याचा पत्ता चोरला गेला त्या निरपराध माणसाकडे जातो, आणि गुपचूप टाकून दिला, तर चुकून अडकलेल्या खऱ्या मेलचा पत्ता पाठवणाऱ्यालाही लागत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.