हिऱ्याचा हार : आधी लांबी, मग जडण

हिऱ्याचा हार कसा निवडावा यावरचा एक लेख वाचला. चेहऱ्याच्या ठेवणीवरून हार निवडावा, हा त्यातला सल्ला मला अपुरा वाटतो. आधी बघायची ती लांबी. १४ इंची चोकर गळ्याला बिलगतो, १६ ते १८ इंची हार गळ्याच्या हाडाशी येतो आणि तोच सर्वांत जास्त वापरला जातो. काठापदराच्या साडीवर बंद गळ्याचं ब्लाउज असेल तर तो त्यातच हरवतो, हे खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही.

'टेनिस' आणि 'रिव्हिएरा' हे हाराचे दोन प्रकार त्या लेखात एकच मानलेत. दोन्हींत हिऱ्यांची सलग ओळ असते, पण टेनिसमध्ये खडे साधारण एकाच मापाचे, तर रिव्हिएरात बहुतेकदा मधला मोठा आणि मागे लहान होत गेलेले. अशा हाराच्या कड्या उलटतात का, ते गळ्यात घालूनच बघा. रोज वापरायचं असेल तर काट्यांपेक्षा (खडा धरून ठेवणाऱ्या बारीक नख्यांपेक्षा) कोंदणातलं, म्हणजे खड्याभोवती सोन्याची सलग कड असलेलं, एकखडी पेंडंट बरं. ते ओढणीला, केसांना अडकत नाही.

आणि किंमत! 'एकूण ५ कॅरट' (सगळ्या हिऱ्यांचं मिळून वजन) ऐकून भुलू नका. शंभर बारीक खड्यांचे ५ कॅरट आणि पाच मोठ्या खड्यांचे ५ कॅरट यांच्या भावात प्रचंड अंतर असतं. १८ कॅरट सोन्यावर (इथे कॅरट म्हणजे शुद्धता) हॉलमार्कचा, म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्याचा, ७५० आकडा बघा, बिलात सोन्याचं निव्वळ वजन आणि हिऱ्यांचं वजन वेगळं मागा. हिरे नैसर्गिक की प्रयोगशाळेतले, तेही लेखी घ्या.